लाल छत्रीच्या दोन बाटल्या

१

सावळीराम ताजनपुऱ्यांना दाखला हवा होता. उपचार नको, दाखला.

"विषबाधा म्हणून लिहा आणि खाली सही-शिक्का मारा," ते म्हणाले. "पुढचं मी पोलीस ठाण्यात बघून घेतो."

दोन हजार पाच सालचा ऑगस्ट, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. नाशिक रोडला, जेल रोडवरच्या आपल्या दवाखान्याचं शटर डॉक्टर इंदुमती गायधनींनी नुकतंच वर ढकललं होतं. पायरीशी हातगाडी उभी होती, हातगाडीवर गोणपाट आणि गोणपाटावर भुंग्या. बाप अल्सेशियन, आई गावठी, रंग काळा कुळकुळीत, वय नऊ. एरवी बाईंना बघून गुरगुरणारा तो कुत्रा आज कानसुद्धा हलवत नव्हता.

इंदुमतीबाईंनी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत गाई-म्हशी तपासल्या होत्या. जनावरं खोटं बोलत नाहीत म्हणून त्या या धंद्यात आल्या. पण जनावर एकटं येत नाही, सोबत मालक आणतं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

"आधी बघू तर द्या त्याला!"

"बघा. पण सुई लावायची नाही."

दोघांनी गोणपाटासकट भुंग्याला आत आणून फरशीवर ठेवलं. बाईंनी हिरड्या पाहिल्या. पांढुरक्या. पंजे गार. मांडीच्या आत बोटं ठेवून नाडी मोजली आणि पुन्हा मोजली. अंगातलं पाणी इतकं आटलेल्या कुत्र्याची नाडी धावायला हवी होती. ही तर रमतगमत चालली होती. पोट मात्र पखालीसारखं लोंबत होतं. कुशीवरचे केस विरळ झालेले, आणि पोटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, खालच्या निळ्या शिरा दिसतील इतकी पातळ.

"पाणी किती पितो?"

"भरपूर! गेल्या आठवड्यात तर बादली रिकामी करायचा. खाणंही दुप्पट. पोट बघा की, कसं भरलंय. नऊ महिन्यांत बाळसं धरलं होतं त्यानं. त्या बयेनं घात केला."

'ती बया' म्हणजे मखमलाबादची सुवर्णा पिंगळे. मळ्यातल्या शेडमध्ये ती लाल मशरूम पिकवायची. वाळवून, दळून, 'लाल छत्री' नावाने कुत्र्यांसाठी बाटलीत भरायची.

बाईंना सगळं आठवलं आणि डोकं तापलं. दोन वर्षांपूर्वी ताजनपुऱ्यांची बायको नवसाबाई गेली. आजार शेवटाला पोचला होता. पण जाताना तिच्या हातात सलाईनची सुई होती, एवढंच ताजनपुऱ्यांच्या डोळ्यांपुढे राहिलं. तेव्हापासून घरात सुई नाही आणि इंग्रजी गोळीही नाही. भुंग्या नवसाबाईचा. गेल्या नोव्हेंबरात तो खाजवून खाजवून रक्तबंबाळ झाला, तेव्हा बाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. ताजनपुऱ्यांनी ती चिठ्ठी दवाखान्याच्या पायरीवर फेकली. "हे विष तुम्हीच खा," म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या सुनेला चल म्हणून तरातरा निघून गेले. पंधरा दिवसांत कॉलनीभर बातमी, की भुंग्या मशरूमच्या पावडरीने ठणठणीत बरा झाला. ताजनपुऱ्यांचं पत्र आणि भुंग्याचा फोटो सुवर्णाच्या पत्रकावर छापून आला. बाईंच्या दवाखान्यात येणारे निम्मे लोक ते पत्रक घेऊन यायचे आणि विचारायचे, "मग तुमच्या औषधाची काय गरज?"

"नऊ बाटल्या संपवल्या, काही झालं नाही," ताजनपुरे म्हणाले. "शनिवारी दहावी उघडली. रविवारी खाणं सोडलं, काल ओकला, आज आडवा. सरळ हिशेब आहे."

"सलाईन लावल्याशिवाय हा संध्याकाळ काढणार नाही, ताजनपुरे."

"सुई नाही."

बाई पुढे काही बोलणार तोच बाहेर एम-एटी दुचाकी येऊन थांबली. हेल्मेटही न काढता एक बाई धावत आत आली. सुवर्णाच ती. ताजनपुऱ्यांनी सकाळी सहालाच फोनवरून तिचा उद्धार केला होता.

"मॅडम, दाखला देऊ नका!" ती धापा टाकत म्हणाली. "त्या बाटलीत काय घातलंय ते मी सांगते."

२

"घातलंय?" ताजनपुरे उठलेच. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं!"

"बसा खाली!" बाई ओरडल्या. "ओरडायचं असेल तर माझ्या दवाखान्यात मी ओरडेन."

सुवर्णाने हेल्मेट काढलं. तिशीतली, उन्हाने रापलेली. घरचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. दिराचा डोळा तिच्या शेडवर होता. त्याला तिथे कांदा साठवायचा होता. 'बुरशीचा धंदा' म्हणून तो तिला येताजाता चिडवायचा. कुत्र्याला विष घातलं असं एकदा नाव झालं, की शेड गेलीच.

"मॅडम, जुलैत हिरवी बुरशी पडली पिशव्यांवर," ती म्हणाली. "लाल मशरूमचं पीक लय कमी निघालं. कृषी प्रदर्शनात मागणी नोंदवलेल्या लोकांना शब्द दिला होता. मंग मी धिंगरी दळून मिसळली. निम्मी निम्मी."

"धिंगरी म्हणजे आपण भाजी करतो ते साधं मशरूम?"

"हा. घरी परवाच केली होती. पोरांनी खाल्ली."

"मग पोरं कशी आहेत?"

"शाळेत गेलीत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "सुवर्णाबाई, गिऱ्हाइकाला फसवलंत त्याबद्दल मी तुम्हाला नंतर बोलणार आहे, आणि चांगलं बोलणार आहे. पण धिंगरीने कुत्र्याची नाडी मंद होत नाही."

"मग कशानं झाली?" ताजनपुऱ्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर आपटली. "यात दुसरं काहीतरी आहे. सील मी स्वतः फोडतो, माझ्या हातानं. सुनेलासुद्धा हात लावू देत नाही. फोडलेलं सीलही ठेवलंय पुरावा म्हणून. हे बघा."

कागदाच्या पुडीत मेणाचे तुकडे होते. सुवर्णाने पुढे वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, मी लाल लाखेचं सील लावते. पहिल्या बाटलीपासून." तिने एक तुकडा उचलला. "हे तर देवापुढच्या मेणबत्तीचं मेण. हे सील माझं नाय."

३

बाटली आली होती जीवनच्या दुकानातून. रस्त्याच्या पलीकडे, पोपटांचे पिंजरे, माशांच्या काचपेट्या आणि कुत्र्यांचे पट्टे यांच्या गर्दीत जीवन बसायचा. दुकानावर स्वहस्ते पाटी रंगवलेली होती: 'लाल छत्री – खाज, सांधे, कॅन्सर यावर रामबाण.'

भुंग्याच्या अंगाशी गरम पाण्याच्या बाटल्या लावून, तोंडात थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी सोडायला सुवर्णाला बसवून, बाई ताजनपुऱ्यांसह रस्ता ओलांडून गेल्या.

"कॅन्सर कुणी सांगितलं तुला?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"लोकच विचारतात, मॅडम. नाही म्हटलं की वाईट वाटतं त्यांना."

"आणि हे मेण?"

जीवनने तुकड्याकडे पाहिलं, पोपटाकडे पाहिलं. पोपटाने मदत केली नाही. मग तो हळूच म्हणाला, "एक गिऱ्हाईक नमुना मागत होतं. एक चमचा काढून दिला. बाटली उणी दिसायला लागली. म्हणून…"

"म्हणून काय?"

"एक चमचा डाळीचं पीठ घातलं. घरचंच हो. स्वच्छ."

निम्मी धिंगरी आणि वर डाळीचं पीठ. त्या बाटलीत पाणी घातलं असतं तर भजी तळता आली असती. सकाळपासून जो तो काही ना काही कबूल करत होता, आणि एकाचीही कबुली कामाची नव्हती!

"डाळीच्या पिठाने कुत्रा मरत नाही, जीवन. जीव जातो तो माझा. त्याच खोक्यातली बाटली आणखी कुणी नेली?"

"पाच-सहा जणांनी. पोस्टातल्या सोमाच्या कुत्रीला रोज चालू आहे. आत्ताच समोरून पळत गेली." मग जीवनने आवाज खाली आणला. "मॅडम, दुकानात काय शोधता? घरात बघा की. भुंग्या फरशीवर करायचा, सूनबाई दिवसातून चारदा पुसायच्या. इथे उभ्या राहून म्हणाल्या होत्या मला, हे कुत्रं माझा अंत बघतंय."

बाईंना वाटलं, आता ताजनपुरे जीवनच्या अंगावर धावून जातील. पण ते स्तब्ध उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भलताच विचार उमटत होता.

"रूपाली माहेरी गेलीय," ते सावकाश म्हणाले. "नांदगावला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून. गेल्याच्या गेल्या रविवारी. तिथून दोनदा फोन केला तिनं. संतोषची, स्वतःच्या नवऱ्याची चौकशी नाही, माझी नाही. दोन्ही वेळा एकच विचारलं."

"काय?"

"बाबा, भुंग्याची जुनी बाटली संपली का?"

४

परत येईपर्यंत ताजनपुऱ्यांनी सुनेवर खटला चालवून निकालही देऊन टाकला होता. तिने नव्या बाटलीत काहीतरी कालवलं आणि संशय नको म्हणून माहेरी निघून गेली. जुनी संपून नवी कधी सुरू होते याचीच ती वाट बघत होती. मुलगा संतोष तिसऱ्या श्रावण सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करून आला होता आणि पायाला फोड आले म्हणून घरी झोपला होता. त्याला उठवून त्याच्यासमोरच हे सांगायचं, असंही त्यांनी ठरवलं.

"आणि नवी बाटली तर शुक्रवारपर्यंत जीवनच्या दुकानात होती," बाई म्हणाल्या. "नांदगावहून हात लांब करून कालवलं तिनं?"

ताजनपुऱ्यांना ते पटलं नाही.

बाई भुंग्याशेजारी स्टुलावर बसल्या. त्याची जीभ कोरडी पडली होती. सुवर्णा चमच्याने पाणी घालत होती आणि निम्मं बाहेर सांडत होतं. घड्याळात साडेअकरा.

बाईंना स्वतःचाच राग आला. सकाळपासून सगळे नव्या बाटलीवर तुटून पडले होते आणि त्याही त्यांच्यामागे धावत होत्या. रूपालीने नव्या बाटलीचं एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिला काळजी होती ती जुनीची.

त्यांनी पुन्हा ते लोंबतं पोट पाहिलं. बादलीभर पाणी, राक्षसासारखी भूक, विरळ केस, पापुद्र्यासारखी कातडी. असे कुत्रे त्यांनी आधी पाहिले होते. एका विशिष्ट औषधावर महिनोन्महिने ठेवलेले कुत्रे. सकाळीच हे लक्षात यायला हवं होतं. पण घरात गोळी येत नाही असं मालक ठासून सांगत होता, आणि चौतीस वर्षांनंतरही बाई मालकाचं ऐकून घ्यायच्या.

"ताजनपुरे, जुनी बाटली कुठाय?"

"नववी? घरी आहे. मी बाटल्या धुऊन बियाणं ठेवतो त्यात. ती अजून धुतली नाही."

"घेऊन या. धुऊ नका. पुसूही नका. त्या बाटलीला काहीही करू नका!"

पंधरा मिनिटांत ते बाटली घेऊन आले. बाईंनी आधी बोट घालून चव घेतली. कडूजहर. नवी चाखली, तीही कडूच, जरा कमी. लाल मशरूम मुळातच कडू. त्यात दुसरं काही कडू मिसळलं तर कुत्र्यालाही कळणार नाही आणि माणसालाही.

त्यांनी दाखल्याच्या पुस्तकातला कार्बन पेपर काढून टेबलावर पसरला. नव्या बाटलीतली पावडर त्याच्या एका कडेला झटकली. तपकिरी धूळ, जराशी पिवळट. दुसऱ्या कडेला जुनी बाटली उलटी करून बुडावर थापट्या मारल्या. तपकिरी धुळीत पांढरे बारीक कण चमकले. एक कण जरा मोठा होता. त्याच्या मधोमध रेघेची खूण होती. गोळी मोडायची रेघ.

"हेच ते विष!" ताजनपुरे किंचाळले.

"नीट बघा. ही जुनी बाटली आहे. ही खाऊन तुमचा कुत्रा शुक्रवारपर्यंत पळत होता." बाई उठल्या. "सुवर्णाबाई, तुमच्याकडे सीलबंद बाटल्या असतील ना? लाल लाखेच्या?"

एम-एटीच्या पेटीत चार होत्या. चारही फोडल्या. पांढरा कण एकात नव्हता. सील ताजनपुरेच फोडत, तेही नवव्या बाटलीपर्यंत लाल लाखेचं. म्हणजे पांढरं मिसळलं गेलं ते सील फोडल्यानंतर. ताजनपुऱ्यांच्याच घरात.

बाई कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या. गोटीराम तिथे वीस वर्षं गल्ल्यावर होते. कागदात घेतलेला तो रेघेचा तुकडा बाईंनी त्यांच्यापुढे धरला.

"प्रेडनिसोलोन दिसतंय, खाजेवरची स्टेरॉइडची गोळी," गोटीराम चष्मा वर करून म्हणाले.

"दर महिन्याला या गोळ्या कोण नेतं? माणसाच्या नाही, कुत्र्याच्या नावावर?"

गोटीराम गोंधळले. "बाई, मला का विचारता? ती ताजनपुऱ्यांची सून नेते. नऊ महिने झाले. घडी घालून घालून कागद फाटायला आलाय." त्यांनी चष्मा खाली घेतला. "आणि चिठ्ठी तर तुमचीच आहे."

५

नांदगावचा नंबर ताजनपुऱ्यांकडून घेऊन बाईंनी दवाखान्यातला फोन फिरवला. पलीकडे रूपाली आली. बाईंनी नाव सांगताच ती म्हणाली, "भुंग्या गेला का?"

"नाही. पण तू खरं सांगितलं नाहीस तर जाईल. चिठ्ठी तू उचललीस ना, पायरीवरून?"

"हो."

"थांब. तुझे सासरे इथेच आहेत. हे तू त्यांना सांग. मी सांगितलं तर ते मलाच खोटं पाडतील."

बाईंनी रिसीव्हर ताजनपुऱ्यांच्या हातात दिला, आणि स्वतः इतक्या जवळ उभ्या राहिल्या, की नांदगावचा आवाज त्यांनाही ऐकू येत होता.

"बाबा," रूपाली म्हणाली, "त्याच्या पायातून रक्त यायचं. तुम्ही रात्र रात्र त्याच्याजवळ बसून राहायचात, जेवायचा नाहीत. मला बघवेना. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही फेकून दिल्या असत्या. मग मी खलबत्त्यात कुटून पावडरीत मिसळायला लागले. बाटलीत तीस चमचे बसतात. तीस गोळ्या."

ताजनपुऱ्यांनी मान वळवून टेबलावरच्या जुन्या बाटलीकडे पाहिलं.

"निघाले तेव्हा बाटलीत बारा चमचे होते, मी मोजले होते. रोज एक. बाराव्या दिवशी मी परत येणार होते. म्हणून विचारत होते, संपली का, संपली का. तुम्ही म्हणालात, आहे अजून. नंतर म्हणालात, तुला काय करायचंय."

"मी दोन दोन चमचे घालत होतो," ताजनपुरे एकदम म्हणाले. "पावसाळी हवेनं मलूल वाटला म्हणून. शुक्रवारीच संपली."

बाईंनी रिसीव्हर काढून घेतला आणि ठेवून दिला. आता त्यांना घाई होती.

"ऐका. हे औषध म्हणजे एक रस. तो शरीर स्वतःच तयार करतं. बाहेरून आयता मिळायला लागला, की शरीर ते काम विसरतं. नऊ महिने भुंग्याला आयता मिळाला, आणि गेल्या आठवड्यात तुमच्या कृपेने दुप्पट. शनिवारी एकदम बंद. आता त्याच्या अंगात तो रस बाहेरचाही नाही आणि घरचाही नाही. नव्या बाटलीत विष नव्हतं, ताजनपुरे. जुन्या बाटलीत जे होतं ते नव्या बाटलीत नव्हतं. म्हणून तो पडलाय."

"म्हणजे रूपालीनं…"

"रूपालीने त्याची खाज थांबवली. चोरून थांबवली, हे चूक. अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, मधूनमधून तपासून हळूहळू उतरवायच्या असतात, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नव्हतं, कारण चिठ्ठीवर मी लिहिलं नव्हतं. तुमच्या आरडाओरडीला वैतागून मी चार अक्षरं खरडली आणि तुमच्या हातात कोंबली. त्यातली चूक माझी."

हे वाक्य बोलताना त्यांना फार जड गेलं. सकाळपासून दुसऱ्यांच्या कबुल्या ऐकून त्या चिडत होत्या. स्वतःची सर्वांत शेवटी आली होती.

"आता सुई लावू का?" त्यांनी विचारलं. "मी तुमच्या मागे लावणार नाही. आतापर्यंत पुष्कळ झालं मागे मागे."

ताजनपुरे भुंग्याकडे बघत उभे राहिले. मग ते टेबलाला धरून खाली उकिडवे बसले आणि भुंग्याचा पुढचा पाय त्यांनी स्वतःच सरळ करून धरला.

"लावा," ते म्हणाले. त्यांनी तोंड मात्र भिंतीकडे फिरवलं होतं.

६

चार वाजता भुंग्याने मान उचलली. पाच वाजता इंदुमतीबाईंकडे बघून गुरगुरला. चौतीस वर्षांत कुठल्या गुरगुरण्याने त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

सुवर्णा अजून कोपऱ्यातल्या बाकावर बसून होती. तिच्यावरचा आळ गेला होता, दाखल्याचं पुस्तक बंद झालं होतं, आणि तरी ती घरी जात नव्हती.

"मॅडम, एक विचारू?" ती अखेर म्हणाली. "भुंग्या बरा झाला तो गोळीनं. मंग माझ्या पावडरीनं काहीच केलं नव्हतं?"

बाईंना हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. विषाचा डाग धुऊन निघाला, त्याच पाण्यात गुणही वाहून गेला होता.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "अपाय करत नसावी, कारण सोमाची कुत्री पळतेय. उपाय करते का, ते मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. कुणी नीट मोजलेलंच नाही."

"त्या एका पत्रावर एकतीस घरांत बाटल्या गेल्यात."

"हो."

"लोकांनी दुसरी औषधं बंद केली असतील, नाय का? भुंग्यासारखं होईल म्हणून."

"काहींनी केलीत. माझ्याकडे यायचे बंद झालेत ते."

सुवर्णाने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. ती मनात घरं मोजत होती. मग उठली. "उद्या जाऊन सांगते सगळ्यांना. धिंगरीचंबी सांगते. दीर नाचणार हाय, नाचू दे."

"पत्र मी लिहिलं होतं," ताजनपुरे भिंतीला टेकून बसल्या जागेवरून म्हणाले. "मी येतो."

आणि खरंच, बुधवारी दिवसभर मखमलाबादची सुवर्णा पिंगळे एम-एटी चालवत होती आणि तिच्या मागे सासष्ट वर्षांचे सावळीराम ताजनपुरे बसले होते. ज्यांना ती काल तुरुंगात हवी होती तेच. एकतीस दारांवर त्यांनी एकच सांगितलं: माझा कुत्रा या पावडरीने बरा झाला नव्हता, तुमची औषधं सोडली असतील तर दवाखान्यात जाऊन या. नऊ जणांनी बाटल्या परत केल्या. सहा जण भांडले. उरलेल्यांनी चहा दिला आणि म्हणाले, असू द्या हो, आमचा कुत्रा खूश आहे, पुढची बाटली कधी? हे ऐकून इंदुमतीबाईंनी डोकं टेबलावर टेकवलं आणि बराच वेळ वर उचललं नाही.

गुरुवारी दुपारी भुंग्या तपासणीच्या टेबलावर उभा होता, चारही पायांवर, सलाईनची पट्टी दातांनी ओढायच्या खटपटीत. ताजनपुरे त्याला धरून होते. दारात रिक्षा थांबली आणि रूपाली उतरली. स्टेशनावरून ती थेट इकडेच आली होती. हातात बॅग, काखेत नांदगावच्या बाजारातली गवारीची पिशवी. उंबऱ्याच्या बाहेरच ती उभी राहिली. आत यावं की नाही, हे तिचं तिला ठरवता येत नव्हतं.

भुंग्याने तिला पाहिलं आणि शेपटीने औषधांचा ट्रे खाली पाडला.

बाई ताजनपुऱ्यांकडे बघत राहिल्या. माफी माग की रे बाबा, त्या मनात म्हणत होत्या. नऊ महिने तिनं तुझा कुत्रा सांभाळला आणि तू तिला खुनी ठरवलंस. एक शब्द. एकच. पण ताजनपुरे खाली वाकले, सांडलेल्या पट्ट्या एकेक करून वेचत बसले, आणि बाईंच्या संयमाचा अगदी कडेलोट व्हायची वेळ आली. अखेर ते उठले. त्यांच्या हातात नव्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांचं पाकीट होतं. या वेळी चिठ्ठीवर बाईंनी दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं.

"रूपाली," त्यांनी विचारलं, "गोळी किती वाजता द्यायची?"

रूपाली आधी डॉक्टरीणबाईंकडे बघू लागली. बाईंनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

"सकाळी, बाबा," ती म्हणाली. "खाणं झाल्यावर."

"खाणं झाल्यावर," ताजनपुरे म्हणाले, आणि पाकीट खिशात घालून त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली.